साठ, ऐंशी की शंभर? हायब्रीडचं अ‍ॅव्हरेज मोजायला वैजापूरपर्यंत

एप्रिलमध्ये लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. आम्ही वैजापूरला गेलो. तेही पाच दिवस, आणि त्यातल्या तीन सकाळी एकाच रस्त्यावरून जाऊन परत येण्यासाठी. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय बघायला जाताय?" मी म्हटलं, "पेट्रोल." त्या हसल्या नाहीत. या वयात माणसाचं काही बिघडलं तर शेजारी हसत नाहीत, काळजीने बघतात.

झालं असं. आमची गाडी हायब्रीड आहे. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीची मोटर एकाच घरात नांदतात, आणि कोणी कधी काम करायचं ते आपसात ठरवतात. ती आमच्या मुलाने, निखिलने, आग्रहाने घ्यायला लावली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना हायवेवर गाडी चालवायला मनाई केल्यापासून चालवते मी. पंचावन्नाव्या वर्षी शिकले, आता एकसष्ट चालू आहे. गाडी मिळाल्यापासून दर पंधरवड्याला वैजापूरला माझ्या मोठ्या बहिणीकडे, ताईकडे जाते. ताई बाहत्तर वर्षांची आहे. भाऊजी गेल्यापासून शेतातल्या घरात एकटी राहते, आणि शहरात यायला तयार नाही.

गुढीपाडव्याला निखिल पुण्याहून आला, गाडी दोन दिवस फिरवली आणि जेवताना म्हणाला, "आई, माझ्या हातात ही चोवीस देते. तुझ्या हातात सतरा. तू दाबतेस."

"मी दाबत नाही. मी पोचते," मी म्हटलं.

"आपण ड्रायव्हर ठेवू या."

मला वाटलं हे माझी बाजू घेतील. ह्यांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "साठने चालवलीस तर शंभरपेक्षा लिटरमागे पाच किलोमीटर तरी जास्त देईल. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो. साधी गोष्ट आहे." हे वाळूजच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटी विभागात होते. त्यांची प्रत्येक साधी गोष्ट मोजमापात असते.

मी तिथल्या तिथे शब्द दिला. मोजून बघू. पाच किंवा त्याहून जास्त फरक निघाला, तर ठेवा ड्रायव्हर. कमी निघाला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

शब्द दिला खरा. ड्रायव्हर वाईट असतो असं नाही. पण ड्रायव्हर आला की ताईच्या अंगणात बसल्यावर "मॅडम, निघायचं का?" येतं. आणि खरं सांगू, ती सीट ही माझी एकमेव जागा आहे जिथे कोणी "अगं, झाकण कुठाय?" असं विचारत नाही.

पहिला दिवस : गारखेडा ते वैजापूर

सकाळी सहाला निघालो. डिकीत दोन बॅगा आणि वीस-वीस लिटरचे चार रिकामे कॅन. कॅन आमच्या डिकीतच राहतात. मागच्या पावसाळ्याने दगा दिला होता, नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी यायचं. अशा वर्षी गारखेड्यातला माणूस स्टेपनी विसरेल, कॅन विसरणार नाही.

क्रांती चौकातल्या सिग्नलला गाडी नेहमीप्रमाणे गप्प झाली. गर्दीत ही बॅटरीवर सरकते आणि हिचं अ‍ॅव्हरेज तिथेच सगळ्यात छान येतं. म्हणजे हिला पूर्ण समाधान हवं असेल तर मी आयुष्यभर क्रांती चौकातच फिरत राहायला हवं. एकेकाळी मी इथून सायकलवर कॉन्व्हेंटला जायचे, निळा स्कर्ट आणि दोन वेण्या घालून. गारखेड्याकडे तेव्हा ज्वारी उभी असायची. आता तिथे ज्वारीच्या ताटांसारखे फ्लॅट उभे आहेत, आणि त्यातल्या एकात मी राहते, त्यामुळे तक्रार कोणाकडे करू?

छावणी, पडेगाव, मिटमिटा. पूर्वी मिटमिट्याला शहर केव्हाच संपलेलं असायचं, आता ते संपता संपत नाही. माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढायचं. दौलताबादचा किल्ला तिथून दिसतो. सहावीत आमची शाळेची सहल त्याच किल्ल्यावर गेली होती. अंधाऱ्या वाटेत मी सिस्टरचा हात इतका घट्ट धरला होता की बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता सोड बाळा, देवाला पण एक हात लागतो." त्याच सिस्टर आम्हाला विज्ञान शिकवायच्या. दोरीला दगड बांधून लंबक करायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोरी बदलली तर दगड तोच ठेवायचा. दगड बदलला तर दोरी तीच. मी दोन्ही बदलायचे आणि उत्तर शेजारणीचं लिहायचे.

या वेळी मात्र ठरवलं होतं: बदलेल तो फक्त वेग.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. टायरची हवा आधी तपासा, उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि खायला घरून घ्या, कारण या रस्त्यावर मनात आलं म्हणून कुठेही थांबता येत नाही. आमच्याकडे धपाटे आणि दह्याचा डबा होता. दही मी ह्यांच्या पॅंटवर सांडलं, पण ते वेगामुळे नाही.

ताई फाटकातच उभी होती. "बेबी आली का?" एकसष्टाव्या वर्षी मला बेबी म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलंय. मोहिमेचा हेतू ऐकून ती ह्यांच्याकडे वळली. "सुधाकरराव, पेट्रोल वाचतं का बघायला पेट्रोल जाळणार तुम्ही?"

"आणि टोल पण भरणार," हे अभिमानाने म्हणाले.

दुसरा दिवस : शंभर

पद्धत अशी ठरली. वैजापुरातल्या एकाच पंपावर, एकाच नोझलने टाकी भरायची. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. मग जांबरगावला महामार्गावर चढून माळीवाड्यापर्यंत, तिथे उतरून, वळून परत. पंपापासून पंपापर्यंत एकशे दोन किलोमीटर. जाऊन-येऊन मोजायचं म्हणजे वारा एकदा समोरून, एकदा पाठून. एसी पंचविसावर, काचा बंद. परत आल्यावर जेवढं पेट्रोल बसेल तेवढं खाल्लं, असा हिशोब. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा धरायचा नाही, कारण स्क्रीन फार आशावादी असते असं ह्यांचं म्हणणं.

पंपावरच्या काकांना ही पद्धत पटेना. नोझल बंद पडलं की त्यांचा हात सवयीने पुन्हा दाबायला जायचा. "राउंड फिगर करतो ना मॅडम."

"नको. थांबवा."

"अहो, पाच रुपयांचं बसंल अजून."

"काका, हा प्रयोग आहे."

त्यांनी नोझल काढलं आणि आदराने दोन पावलं मागे सरकले.

वेग आपोआप कायम ठेवणारा क्रूझ शंभरला लावला आणि गाडी माझ्या मनासारखी धावली. दोन्हीकडे वाळलेली शेतं, मधूनच एखादं शेततळं, काळ्या प्लास्टिकचं, तळाला चिखलाचा एक चट्टा. लासूरच्या बाजूला टँकर रांगेत उभे दिसले. शंभरच्या वेगात दुष्काळसुद्धा लवकर मागे जातो. ही माझी शंभरबद्दलची पहिली तक्रार, आणि ती पेट्रोलची नव्हती.

परत येऊन टाकी भरली, सव्वापाच लिटर बसलं. अ‍ॅव्हरेज एकोणीस पूर्णांक चार. ह्यांनी पावतीच्या मागे आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

तिसरा दिवस : ऐंशी

ऐंशीला आश्चर्य म्हणजे करमलं. ट्रकवाले बरोबरीने चालतात, त्यांच्या मागे लिहिलेलं सगळं वाचून होतं. ह्यांनी रस्त्याकडेच्या झाडांची ओळख करून घ्यायला सुरुवात केली आणि तीनपैकी दोन चुकीची सांगितली. टाकीत बसलं चार पूर्णांक अठ्ठावीस. अ‍ॅव्हरेज तेवीस पूर्णांक आठ.

माझा चेहरा पडला. ऐंशीलाच चार-साडेचारचा फरक, मग साठला काय होणार? ताईने येसराची आमटी केली होती, माझी अत्यंत आवडती, आणि मी दुसरी भाकरी घेतली नाही. ताई म्हणाली, "ड्रायव्हर आला की तू संध्याकाळपर्यंत थांबणार नाहीस ना गं?" तेवढंच. मग ती ताटं उचलायला लागली.

चौथा दिवस : साठ

समृद्धीवर साठने जाऊन बघा एकदा. माणसाला नम्रता येते. कांद्याची पिकअप गेली. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ मागे बांधलेला टेम्पो गेला. वऱ्हाडाने भरलेली एक जीप शेजारी आली, खिडकीतल्या मावशींनी काच खाली करून विचारलं, "गाडी बंद पडली का वो?"

"नाही, प्रयोग चालू आहे!" मी ओरडले.

"काय म्हनती?"

"प्रसाद चालूय म्हनती," आतून कोणीतरी ठामपणे सांगितलं, आणि जीप हात जोडून पुढे गेली.

परतताना ताईचा फोन आला. बोरला लाईट आली होती. शेतातली वीज दिवसातून ठरावीक तासच येते आणि कधी जाईल ते तिचं तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी आम्ही गारखेड्याला निघणार होतो, आणि चार कॅन रिकामे होते. त्या क्षणी विज्ञान, सिस्टर, लंबक सगळं डोक्यातून गेलं. पंपावर न जाता मी गाडी सरळ ताईच्या शेतात घातली.

बोरवर ठकूबाई होत्या. ताईचं शेत त्या बघतात आणि स्वतःची पन्नासेक मेंढरं राखतात. ताईचा नियम असा की हौदावर आधी मेंढरं, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी शहरातली माणसं. पाईपातून करंगळीएवढी धार येत होती.

"शहराला धरणाचं पाणी बी पुरंना का बाई?" ठकूबाई माझ्या कॅनकडे बघत म्हणाल्या. "आता आमच्या बोरवर डोळा व्हय?"

"तुमच्या मेंढरांच्या मागे नंबर लावलाय की मी."

"मग थांबा. ती घाई करीत नाय."

मेंढरांनी खरंच घाई केली नाही. ऊन मी म्हणत होतं. हे गाडीतच बसून राहिले. दीड तासाने चौथा कॅन भरला, तेव्हा मी जाऊन काचेवर टकटक केली. हे तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेले. दार उघडलं तर आतून गार झोत आला. कॅन चढवले, पंप गाठला, टाकी भरली. साडेचार लिटर.

मी तीनदा भागाकार केला. बावीस पूर्णांक सात! शंभरशी फरक सव्वातीन. पाच नाही. मी जिंकले होते.

"बसेल विश्वास?" मी ह्यांना म्हटलं.

"आकडे आहेत," हे म्हणाले. "मान्य करायला हवं."

त्या दुपारी मी ताईला मिठी मारली, ठकूबाईंना चहा केला आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. चहाची बशी ओठांना लावता लावता ठकूबाईंनी विचारलं, "बाई, तुमच्या गाडीला काय दुखनं हाय का?"

"का हो?"

"मगा नुसती उभी होती ना, तर मधीच घुरघुर करी, मधीच गप्प बशी. पुन्ना घुरघुर. मेंढरं बुजली माझी."

मी कप खाली ठेवला आणि मला आठवलं. दार उघडलं तेव्हा समोर एक छोटा हिरवा दिवा होता. 'रेडी' असं लिहिलेला. हायब्रीडची ही गंमत आहे: तो दिवा लागलेला असला की गाडी चालूच असते, आवाज असो-नसो. एसी बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की इंजिन आपणहून उठून ती भरतं, पुन्हा झोपतं. दीड तास हे चाललं होतं. म्हणजे लिटरभर पेट्रोल तरी साठच्या वेगाने खाल्लंच नव्हतं. ते ह्यांच्या झोपेने खाल्लं होतं.

हे कोणालाच माहीत नव्हतं. फक्त मला, आणि मेंढरांना.

मी गप्प बसले. वाचकहो, मी लिहितेय ते कबुलीजबाब म्हणूनच समजा. बारा वर्षं नन्सकडे शिकलेली बाई संध्याकाळभर निर्लज्जपणे पापड भाजत बसली. मनाशी म्हटलं, ड्रायव्हर ही गोष्ट एक लिटर पेट्रोलवर ठरावी का? ताईने संध्याकाळी पायरीवर बसून माझ्या केसांना तेल लावलं. ती म्हणाली, "बरं झालं जिंकलीस." मी मान वर केली नाही.

पाचवा दिवस : परत

जांबरगावला महामार्गावर चढले, आणि माझा पाय काही केल्या दाबायला तयार होईना. स्क्रीनवरचा आकडा शून्य केला. क्रूझ साठला लावला.

"काय झालं?" हे म्हणाले. "जिंकलीस ना? चल की शंभरने."

"ऊन आहे."

"उन्हाचा आणि साठचा काय संबंध?"

पाऊण तास आम्ही तसेच गेलो. साठला शेतं सावकाश दिसतात. एका बांधावर एक बाई वाळक्या तुरीच्या काड्या वेचत होती, तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली, तेवढं सगळं दिसलं. दौलताबादचा किल्ला लांबून दिसायला लागला तो बराच वेळ दिसतच राहिला. माळीवाड्याला उतरले, गाडी कडेला घेतली. स्क्रीनवर अठ्ठावीस पूर्णांक सहा.

"हे खरं," मी म्हटलं. "कालचं खोटं होतं. तुम्ही झोपला होतात, गाडी चालू होती. मला काल दुपारीच कळलं होतं. मी हरले."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "वारा पाठीशी होता आत्ता."

"वाऱ्याने सहा किलोमीटर वाढतात का?"

"स्क्रीन आशावादी असते."

"अहो!"

"आणि डिकीत ऐंशी लिटर पाणी आहे, त्याने उलट कमी यायला हवं होतं, ते जास्त आलं, म्हणजे यात काहीतरी—" मग ते थांबले. एकदम चिडून म्हणाले, "अगं, मी त्या गाडीचं मॅन्युअल दोनदा वाचलंय. हिरव्या दिव्याचा अर्थ मला कळत नाही असं वाटलं तुला? बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची मोजमापं पकडली. एकदाच आयुष्यात मुद्दाम चुकीचं मोजलं. तेही तुला पचवता आलं नाही!"

"म्हणजे तुम्ही झोपला नव्हता?"

"झोपलो होतो. पण दिवा बघून झोपलो होतो."

समोरून एक टँकर वळत होता, त्याला जागा द्यायला मला गाडी मागे घ्यावी लागली. ते बरं झालं. डोळे पुसायला आरसा बघायचं निमित्त मिळालं.

"मग जेवताना निखिलची बाजू का घेतलीत?"

"फरक पडतो म्हणालो. पडतोच. ड्रायव्हर ठेवा असं मी कुठे म्हणालो?"

पडेगावच्या सिग्नलपर्यंत मी हे आठवून पाहिलं. खरंच म्हणाले नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांची वाक्यं नेहमी पुढच्या वाक्यासकट ऐकत आलेय.

घरी

तर हायब्रीडवाल्यांसाठी सार. साठला उत्तम, ऐंशीला चांगलं, शंभरला पेट्रोल उघड्या नळासारखं जातं. शंभरने माझी महामार्गावर वीस मिनिटं वाचतात, साठशी तुलना केली तर. तेवढ्यासाठी मी इतकी वर्षं दाबत होते, ताईकडे तेवढी जास्त मिळावीत म्हणून. आता मी तेवढीच लवकर निघते. एकसष्ट वर्षांत हे सुचलं नव्हतं, याबद्दल काय बोलावं? उभ्या गाडीत एसी लावून बसू नका, आणि बसलात तर निदान मोजायला जाऊ नका.

शब्द मात्र शब्द होता. संध्याकाळी निखिलचा फोन आला तेव्हा मी मान खाली घालून आकडे सांगायला तयार होते. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"हो रे, फरक निघाला. नऊचा. तुझी आई हरली. ठेवला ड्रायव्हर."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"बाई आहे. वैजापूर लाईनचा अनुभव आहे. वय जरा जास्त आहे, पण ऐंशीच्या वर जाणार नाही असं कबूल केलंय... नाव? नाव तुला माहीत आहे."

मग निखिलचं हसू मला इथपर्यंत ऐकू आलं, लहानपणी यायचं तसं, आधी नाकातून.

पंधरा दिवसांनी पुन्हा निघालो. नेमणूक झालीच आहे तर रीतसर होऊ दे म्हणून हे मागच्या सीटवर साहेबासारखे बसले, पेपर उघडून. मी "निघायचं का सर?" विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. छावणीपर्यंत हे टिकलं. पडेगावला मागून खांद्यावर पेपरची टोचणी आली.

"जरा कडेला घे. पुढे येतो. मागे बोलायला कोणी नाही."